ऑटोमॅटिक म्हणजे आपोआप नव्हे

ओव्हाळ साहेबांच्या घरी कॉफी प्यायची म्हणजे पाहुण्याच्या छातीत थोडं धडधडायचंच. कप हातात देऊन साहेब समोरच्या खुर्चीत बसायचे, कोपरं गुडघ्यांवर टेकवायचे आणि आपल्या तोंडाकडे बघत राहायचे. पहिला घोट घशाखाली उतरेपर्यंत त्यांची पापणी लवायची नाही. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी एकदा या नजरेने इतके गांगरले की त्यांना ठसका लागला आणि कॉफी शर्टावर आली. साहेबांनी त्यांना रुमाल दिला, ठसका थांबू दिला आणि मग शांतपणे विचारलं, "हं. आंबट होती की कडू?"

आम्ही या सवयीला हसायचो. ती त्यांना का लागली हे मला फार उशिरा कळलं, आणि ज्या सकाळी कळलं ती सकाळ आठवली की अजून तळहाताला घाम येतो.

दिलीप ओव्हाळ आमच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. सोमाटण्याजवळचा रंगाचा कारखाना. मी तिथल्या लॅबमध्ये केमिस्ट. राहायलाही आम्ही एकाच इमारतीत, मी दुसऱ्या मजल्यावर, ते तिसऱ्या. मूळचे ते परंदवडीचे, म्हणजे स्कूटीवरून जायचं म्हटलं तर हाकेच्या अंतरावरचे. त्यांचे वडील, आबा, वर्षभर परंदवडीच्या घरीच राहायचे. पावसाळ्यात गुडघे धरले की मात्र मुलाकडे यायचे आणि आल्या दिवसापासून परत जायचं कधी ते विचारायचे.

रंगाच्या कारखान्यात थिनर आणि सॉल्व्हंटची पिंपं भरलेली असतात. एक ठिणगी पुरते. त्यामुळे मॅनेजरला न घाबरणारे कामगारसुद्धा ओव्हाळ साहेबांना घाबरायचे. ठेंगणा, काळासावळा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला माणूस. आवाज कधी चढवायचा नाही, पण ज्याच्यावर नाराज असेल त्याच्या जवळ जाऊन इतक्या हळू बोलायचा की त्या माणसाला वाकून ऐकावं लागायचं. त्यांची एक लकब सगळ्यांना पाठ होती. कुठल्याही खोलीत शिरण्याआधी ते उंबऱ्यावर थांबायचे आणि नाकाने एक खोल श्वास घ्यायचे. स्टोअर असो, कँटीन असो, लग्नाचा हॉल असो. रत्नाताई, त्यांची बायको, सांगायच्या, "मला बघायला आले तेव्हापण दारात असेच थांबले होते. आमच्या आईला वाटलं, मुलाला मुलगी बघायच्या आधीच नापसंत!"

त्या नाकाचा दबदबा होता. एकदा कंपनीची बस गेटातून आत वळत असतानाच साहेब सीटवरून उठले, ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "इंजिन बंद कर." खाली उतरले, वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले आणि सरळ स्टोअरच्या मागच्या बाजूला चालत गेले. तिथे एका पिंपाच्या बुडातून थिनर झिरपत होता, ओल हातभर पसरली होती. भिंतीवरचा गॅसचा अलार्म अजून गप्पच होता. नवीन मुलांना शिकवताना ते हा किस्सा कधी सांगायचे नाहीत. ते एवढंच म्हणायचे, "मीटर बिघडतो. नाकपण बिघडतं. म्हणून दोघांची साक्ष लागते. एकट्याच्या साक्षीवर मी सही करत नाही."

कंपनीने त्यांना काही वर्षं म्हैसूरकडच्या प्लँटवर पाठवलं होतं. तिथून ते कॉफीचं वेड घेऊन आले. मावळातल्या माणसाला चहाशिवाय काही सुचत नाही. मी स्वतः मळवलीची, आमच्याकडे कॉफी फक्त आजारी माणसाला. पण साहेबांनी बरीच चौकशी करून एक ऑटोमॅटिक मशीन घेतलं. वरच्या डब्यात बिया घालायच्या, मागच्या टाकीत पाणी, आणि बटण दाबायचं. मशीन स्वतः दळतं, दाबतं, गरम पाणी सोडतं आणि कपात दाट, तपकिरी साय धरलेली कॉफी उतरते.

मशीन आलं त्या रविवारी आम्ही शेजारी बघायला गेलो. आबाही होते. दळण सुरू झालं तसे ते कानांवर हात ठेवून उठले. चिमुकला कप हातात आल्यावर त्यांनी तो उलटसुलट करून बघितला.

"यवढा गोंगाट करून यवढीच?"

"आबा, ही अशीच घोटभर प्यायची असते."

"आमी म्हस पिळताना रेडकासाठी तिच्या कासंत यापरीस जास्त सोडतो," आबा म्हणाले आणि कप एका घोटात रिकामा करून तोंड वाकडं केलं. "लय कडू हाय. औषध म्हून दे, मी पितो."

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. ते मशीनचं झाकण उघडून आत बघत होते. "कडू लागली म्हणजे दळण फार बारीक झालंय," ते म्हणाले. त्यांनी आतली दळण जाड-बारीक करायची कडी एक खूण जाडीकडे फिरवली, तीही दळण चालू असताना, कारण बंद असताना फिरवली तर दात्यांत बिया अडकतात. मग पुढचा कप सरळ सिंकमध्ये ओतला. रत्नाताई कळवळल्या. "अगं, त्यात मागचंच दळण होतं," साहेब म्हणाले. "खरा बदल त्याच्या पुढच्या कपात कळतो."

मलाही त्यांनी सगळं शिकवलं. तेलकट चकाकणाऱ्या काळ्या बिया घ्यायच्या नाहीत, त्या मशीनचा घसा धरतात. मावळातली हवा ओली, म्हणून डबा काठोकाठ भरायचा नाही, आजच्यापुरत्याच बिया घालायच्या. सोसायटीच्या बोअरचं पाणी टाकीत घालायचं नाही, आत पांढरे थर बसतात. कप आधी गरम पाण्याने शेकायचा. आंबट लागली तर दळण बारीक करायचं, कडू लागली तर जाड; पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर काय कशाने झालं ते कळत नाही. मी एकदा म्हटलं, "साहेब, एवढं सगळं आपणच करायचं तर मग ऑटोमॅटिक कशाला म्हणायचं?"

"कंट्रोल रूममधली पोरं हेच म्हणतात," ते म्हणाले. "ऑटोमॅटिक म्हणजे आपोआप नव्हे. कुणीतरी जागं असावं लागतं."

मग कोरोनाची दुसरी लाट आली. साहेब आणि रत्नाताई दोघंही आजारी पडले. दोघांचाही वास गेला, त्या दिवसांत कितीतरी जणांचा गेला होता. रत्नाताईंना काही आठवड्यांनी फोडणीचा वास आला तेव्हा त्या आनंदाने जिन्यात येऊन सांगून गेल्या. साहेबही म्हणाले, "हो, माझाही आला."

त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे साहेब स्वतः कॉफी प्यायचे जवळजवळ बंद झाले. डॉक्टरांनी कमी करायला सांगितलंय म्हणाले. दुसरं म्हणजे इतरांना पाजायचं प्रमाण वाढलं. रविवारी विहारातून वंदना करून आले की ते कुणाला ना कुणाला वर बोलवायचेच. आणि तेव्हापासूनच ते पिणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसू लागले. भुवई कुठे हलते, ओठ कधी आवळतात, दुसरा घोट लगेच घेतला जातो की कप खाली ठेवला जातो. मग प्रश्न. "जिभेच्या टोकाला काय लागलं? गिळल्यावर काय राहिलं?" आम्ही सांगायचो, ते कडी एक खूण फिरवायचे. खरं सांगायचं तर त्या काळात त्यांची कॉफी पूर्वीपेक्षाही चांगली व्हायची.

कारखान्यात ते गॅसचा मीटर सतत गळ्यात अडकवून फिरू लागले. लोक म्हणाले, साहेब आजारपणानंतर जास्तच भित्रे झालेत. उंबऱ्यावर थांबून श्वास घ्यायची लकब मात्र तशीच होती.

बुद्धपौर्णिमेला त्यांच्याकडे खिरीचं जेवण असायचं. लाटेच्या पुढच्या वर्षी आमचे प्लँट हेड देसाई सपत्नीक आले होते. मीही होते, रत्नाताईंना मदत करत. जेवणानंतर साहेबांनी दुधाची कॉफी केली आणि नेहमीप्रमाणे समोर बसले. देसाईबाईंनी घोट घेतला आणि कप अलगद बशीत ठेवून दिला. देसाई सभ्य माणूस. त्यांनी दुसरा घोट घेतला, पण गिळताना मान किंचित पुढे गेली. साहेबांच्या नजरेतून ते सुटलं नाही. "काय झालं?" त्यांनी विचारलं. "कडू आहे का?"

"नाही, नाही. छान आहे."

तेवढ्यात ओट्यापाशी उभ्या असलेल्या रत्नाताईंनी दूध ओढणारी नळी नाकाला लावली आणि झटक्यात बाजूला धरली. "अगं बाई! अहो, ही नळी पार आंबलीये. दारापर्यंत वास मारतोय. तुम्हाला आला नाही?"

साहेब जागचे हलले नाहीत. कानाच्या पाळ्या मात्र काळवंडल्यासारख्या झाल्या. "सर्दी झालीये जराशी," ते म्हणाले.

पाहुणे गेल्यावर त्यांनी मशीन संपूर्ण खोललं. आतला भाग काढला, नळी, जाळी, चोथ्याचा खण, पाण्याचा ट्रे, सगळं धुवून टेबलावर फडक्यावर मांडलं आणि पुसत बसले. मी निघताना "येते साहेब" म्हटलं, तर त्यांनी मान वर केली नाही.

आणि मग श्रावणातला तो रविवार आला.

सकाळपासून पाऊस तिरपा झोडपत होता आणि सगळ्यांच्या खिडक्या बंद होत्या. साहेबांचा मेसेज आला होता की नवीन बिया आल्यात, वर या. मी जिना चढू लागले. मधल्या वळणावर मला वास आला. आधी वाटलं कुणाच्या तरी घरात काही नासलंय. आणखी चार पायऱ्या चढले आणि पाय थांबले. गॅस होता. चांगलाच होता.

साहेबांचं दार नुसतं लोटलेलं होतं. मी ढकललं आणि तो वास अंगावर आला. स्वयंपाकघरात साहेब पाठमोरे उभे होते. त्यांच्या हातात बियांची पिशवी होती, ती त्यांनी खाली ठेवली आणि बोट मशीनच्या बटणाकडे नेलं.

"साहेब, हात काढा!"

माझा आवाज मला ओळखू आला नाही. त्यांनी वळून पाहिलं. आधी चेहऱ्यावर नुसता वैताग होता, हे काय ओरडणं, असा. बोट तसंच बटणापासून दोन इंचांवर. मग त्यांनी माझं तोंड पाहिलं. पदराने नाक दाबलं होतं मी. आणि त्यांच्या चेहऱ्यावरून रंग उतरताना मी पाहिला.

"गॅस?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

तिथून पुढे ते एकदम सेफ्टी ऑफिसर झाले. "काही लावू नका, काही बंदही करू नका. फोन खिशातच राहू द्या. खाली विजेच्या मीटरपाशी जा, तिसऱ्या मजल्याचा मेन पाडा. कुणाला बेल वाजवू देऊ नका." आवाज तसाच, हळू. कोपऱ्यात फ्रीज गुरगुरत होता. मी खाली धावले तेव्हा मागे गॅसच्या रेग्युलेटरचा खटका बंद झाल्याचा, खिडकीची कडी निघाल्याचा आणि पाऊस आत आल्याचा आवाज ऐकला. मेन पाडून वळले तर साहेब जिन्यातून खाली येत होते आणि त्यांच्या पाठीवर, गोधडीसकट, आबा होते.

"आरं, काय झालं? मला चालता येतंय की," आबा म्हणत होते.

ते आतल्या खोलीत दार लावून पडले होते. पहाटे त्यांनी चहा केला होता आणि शेगडीचं बटण बंद करताना ज्योत विझली, पण बटण अर्धंच फिरलं. "म्याच बंद केलता की रं," ते पुन्हा पुन्हा म्हणू लागले. "मी सोताच्या हातानं बंद केलता." साहेबांनी त्यांना पार्किंगमध्ये खुर्चीवर बसवलं, गोधडी नीट गुंडाळली आणि माझ्याकडे आले.

"वास कुठपर्यंत होता?"

"मधल्या वळणापर्यंत."

ते पायरीवर बसले. दोन्ही हातांचे पंजे एकमेकांत घट्ट धरले.

"मला नाही येत," ते म्हणाले. "त्या आजारापासून काहीच नाही येत."

"पण तुम्ही तर म्हणाला होतात..."

"रोज सकाळी बियांची पिशवी उघडतो आणि आत तोंड घालतो. वाटतं, आज येईल. आज आला की मग कुणाला सांगायची वेळच नको. घरात अलार्म आणणार होतो. पण आणला असता तर रत्नाने विचारलं असतं, कशाला."

रत्नाताई आबांच्या चहाआधीच, पहाटे विहारात झाडलोटीला गेल्या होत्या. त्या आल्या, सगळं ऐकलं, आबांच्या अंगावरून हात फिरवला आणि मग नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"म्हणजे मी रोज विचारायची, भाजी कशी झालीये. तुम्ही म्हणायचात, काय खमंग वास सुटलाय."

साहेबांनी मान डोलावली.

"ते कशावरून म्हणायचात?"

"तुझ्या तोंडावरून," साहेब म्हणाले.

रत्नाताईंना गॅसपेक्षा ते जास्त लागलं. त्या तडक वर निघून गेल्या.

मला तिथून उठून जाता आलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सोमवार होता. सॉल्व्हंटच्या स्टोअरमधला पाइप तुटला होता आणि सकाळी तिथे वेल्डिंग व्हायचं होतं. वेल्डिंगच्या परवानगीवर सही साहेबांची. त्या भिंतीपलीकडे माझी लॅब, लॅबमध्ये सात माणसं.

"साहेब," मी म्हटलं, "उद्या वेल्डिंग आहे."

"माहितीये."

"तुम्हीच म्हणता, एकट्या मीटरच्या साक्षीवर सही करत नाही."

त्यांनी वर पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं. "तुम्ही मला धमकी देताय का, शेलार मॅडम?"

"नाही. मी विचारतेय. तुम्ही सांगणार की मी सांगू?"

ते उठले, विजारीला लागलेली माती झटकली आणि आबांना हात देऊन जिना चढू लागले. त्या दिवशी वरून मशीनचा आवाज आला नाही. मी जेवले की नाही ते आठवत नाही; देसाईंना फोन लावायला दोनदा हात पुढे केला आणि दोनदा मागे घेतला.

सोमवारी सकाळी बसमध्ये साहेब पुढच्या सीटवर होते. मागे वळून बघितलं नाही.

स्टोअरच्या दाराशी वेल्डर, फिटर, दोन हेल्पर आणि स्वतः देसाई उभे होते. लाइन बंद होती, देसाईंचा जीव वरखाली होत होता. "चला ओव्हाळ, पटकन," ते म्हणाले. मी लॅबच्या दारातून बघत होते. साहेबांनी मीटर आत धरला, सगळ्या कोपऱ्यांत फिरवला. शून्य. मग ते उंबऱ्यावर आले आणि नेहमीसारखे थांबले. छाती फुगली. सगळे त्यांच्या पेनाकडे बघत होते. मला वाटलं, हा माणूस आता सही करणार, आणि मला सगळ्यांसमोर ओरडावं लागणार.

त्यांनी श्वास सोडला. पेन खिशाला लावलं.

"शेलार मॅडम," ते म्हणाले, "इकडे या. आत जाऊन वास घ्या."

मी गेले. चारी कोपऱ्यांत फिरले. काहीच नव्हतं, धुतलेल्या फरशीचा ओला वास तेवढा. मी तसं सांगितलं.

"झालं तर मग," देसाई म्हणाले. "करा सही."

"नाही करता येणार, सर," साहेब म्हणाले. "मला वास येत नाही. आजारपणापासून येत नाही. मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. आजपासून परवानगीवर माझी सही चालणार नाही."

वेल्डरने डोक्यावरची ढाल काढून हातात घेतली, कुणी गेलं की टोपी काढतात तशी. देसाईंनी घड्याळाकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं आणि म्हणाले, "अहो, पण आत काही नव्हतंच ना? मग आत्ताच कशाला..."

"म्हणूनच आत्ता," साहेब म्हणाले.

त्या दिवशी वेल्डिंग दुपारनंतर झालं, तळेगावच्या एका कारखान्यातला ऑफिसर येऊन बघून गेल्यावर. काहीही घडलं नाही. घडलंच नाही, म्हणून मग कुणाला साहेबांनी काय केलं त्याचं मोलही वाटलं नाही. उलट लोक मागचे दिवस मोजू लागले: म्हणजे तेव्हा सही केली ती कशाच्या जोरावर? प्रश्न बरोबरच होता. साहेबांनी चौकशीत त्याला एकच उत्तर दिलं, "मीटरच्या." आणि पुढे, कुणी न विचारता, "ती माझी चूक."

कंपनीने त्यांना काढलं नाही, प्रशिक्षणाच्या खोलीत बसवलं. पुण्याहून नवीन ऑफिसर आला. जे लोक त्यांच्यासमोर वाकून ऐकायचे ते त्यांना मागून 'नाकाडे साहेब' म्हणू लागले. त्यांना ते कळलं होतं. माझ्याशी ते नीट बोलायचे, पण कामापुरतं. कॉफीला बोलावणं आलं नाही आणि मीही गेले नाही. पुढच्या दिवाळीनंतर त्यांनी राजीनामा दिला आणि परंदवडीच्या घरी राहायला गेले. टेम्पोत सामान चढलं तेव्हा मशीन त्यांनी मांडीवर घेतलं होतं.

रत्नाताईंचा मात्र फोन यायचा. त्यांचा राग मावळला होता. डॉक्टरांनी नाकाचा व्यायाम सांगितला होता: गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, सकाळ-संध्याकाळ हुंगायचं आणि तो वास मनात आठवायचा. "मी समोर बसते," त्या म्हणायच्या, "आणि विचारते. खोटं बोलले की आता मला कळतं."

मला गुजरातेत नोकरी लागली. जायच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला परंदवडीला गेले. थंडी होती. भात झोडून झालं होतं, अंगणात पेंढ्याची उडवी रचलेली, आबा उन्हात बसलेले. साहेब बाहेर आले. स्वेटर, गळ्याचं बटण उघडं.

"कॉफी घेणार?" त्यांनी विचारलं.

मशीन ओट्यावर होतं, शेजारी गावच्या विजेसाठी स्टॅबिलायझर. त्यांनी कप शेकला, बिया घातल्या, बटण दाबलं. अंगणातून आबा म्हणाले, "झाली चालू गिरण!" दळण थांबलं, कॉफी उतरू लागली आणि साहेब एकदम दचकून मागे सरले. हात नाकावर.

"रत्ना! काहीतरी जळतंय!"

रत्नाताईंनी धावत येऊन स्टॅबिलायझर चाचपला, वायर बघितली. मीही हुंगलं. कॉफीच्या वासाशिवाय काही नव्हतं.

"काही नाही हो जळत."

"अगं, रबर जळल्यासारखं... कुजल्यासारखं..." ते बोलता बोलता थांबले. हळूहळू त्यांनी कप उचलला आणि नाकाजवळ नेला. त्यांना भडभडून उमासा आला. कप त्यांनी लांब धरला आणि आमच्याकडे बघितलं.

"ही कॉफीच आहे ना?"

"हो," मी म्हटलं. "चांगलीये. छान वास येतोय."

रत्नाताई भिंतीला टेकल्या. "डॉक्टर म्हणाले होते," त्या पुटपुटल्या. "वास परत येताना आधी वाकडा येईल. चांगल्या वस्तूंची घाण येईल म्हणाले होते."

"घाण येतीया," साहेब म्हणाले. मग मोठ्याने, मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं इतक्या मोठ्याने, "आबा! लय घाण येतीया!"

"मंग वत की उकिरड्यावर," आबा बाहेरून ओरडले.

"न्हाई आबा! वतायची न्हाई!"

त्यानंतर आमची भेट झालेली नाही. मी स्कूटी चालू करून अंगणातून वळवली तेव्हा साहेब दारात उभे होते. रत्नाताईंनी त्यांची बाही धरली होती. साहेबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तोंड कडवट वाकडं झालं होतं, उमासे आवरत नव्हते, आणि ते पुन्हा कपात नाक घालत होते.